चार-सहा काका

ह्यूस्टनच्या आमच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे 'चार-सहा काका' म्हणतात. त्यांच्याकडे १९८५ सालचा शेव्हरोले सी-१० पिकअप आहे आणि तो त्यांनी पुढून चार, मागून सहा इंच खाली बसवला आहे. टेक्सासात लोक पायरीवर पाय देऊन ट्रकमध्ये चढतात. काकांच्या ट्रकमध्ये पंगतीला बसल्यासारखं बसायचं आणि उतरताना गुडघ्यावर हात ठेवून 'आई गं' म्हणायचं.

"मागून सहाच का?" असं एकदा मी चुकून विचारलं. पानं वाढून झाली होती. काकांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि स्वतः ट्रकखाली आडवे झाले. मलाही व्हावं लागलं. सदरा नवा होता.

"रिकामा पिकअप मागून उंचच असतो. माल भरला की सपाट व्हावा म्हणून. आपण कुठे माल भरतो?"

मागचा ॲक्सल पाट्यांच्या खाली होता, तो फ्लिप किट लावून पाट्यांच्या वर घेतला, गाडी बसली. पण मग ॲक्सलला उसळायला जागा उरेना, म्हणून चासीला अर्धगोल खाच मारली. पुढे ड्रॉप स्पिंडल. त्यात चाकाचा खुंटाच वर सरकवलेला असतो, अडीच इंच तिथेच मिळतात. उरलेले दीड आखूड स्प्रिंगचे. यातलं काहीही मी पाठ केलेलं नाही. पाठीवर पडलेल्या माणसाला ऐकावंच लागतं.

पण खरे काका पाहायचे ते चाकांच्या बाबतीत. मुलीच्या लग्नात 'पत्रिका-बित्रिका सगळं थोतांड' म्हणणारा हा गृहस्थ रिमची पत्रिका तीन महिने जुळवत होता. पाच इंची वर्तुळावर पाच बोल्ट, हे जुळलं. घोडं अडलं ऑफसेटवर. रिमचा हबला टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर चाक आत जातं. आतल्या अंगाला असेल तर चाक मडगार्डबाहेर डोकावतं.

"म्हणजे तुमच्या पोटासारखं," काकू दारातून म्हणाल्या. "निगेटिव्ह ऑफसेट." संसारात राहून बाईही तज्ज्ञ झाली आहे.

टायर ठरला २५५/४५ आर २०. यातले ४५ म्हणजे मिलिमीटर नव्हेत, रुंदीचे टक्के, हे काकांनी मला रुमालावर गणित करून दाखवलं. एकूण उंची सुमारे ७३७ मिलिमीटर. जुना २३५/७५ आर १५ होता, तो ७३३.

"म्हणजे एवढा खर्च करून चारच मिलिमीटरचा फरक?"

"तेच तर!" काकांचा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा फुलला. "स्पीडोमीटर चुकत नाही!"

गणपतीत मंडळाला मूर्ती आणायला ट्रक हवा होता. ट्रक म्हटल्यावर काकांचंच नाव निघालं. मूर्ती, चौरंग आणि दोन ढोल चढले, चौघे स्वयंसेवक मागे बसले आणि पहिल्याच वळणावर मागचा टायर आतून खर्रकन घासला. काकांनी आधी स्वयंसेवक उतरवले, मग ढोल. शाळेच्या पार्किंगमधल्या स्पीडब्रेकरपाशी त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून टेप लावला, पुन्हा बसले आणि तिरकी घालून एकेक चाक चढवायला लागले. तिसऱ्या चाकाला पोटाखालून जो आवाज आला, त्यावर भटजींनीही डोळे मिटले.

मूर्ती शेवटी माझ्या मिनीव्हॅनमधून गेली. काका रिकामा ट्रक घेऊन पुढे होते, ताशी पाच मैलांनी. मिरवणुकीला तो वेग अगदी बरोबर पडला.