शॅमेलिऑनचा शौकीन

शॅमेलिऑन, म्हणजे मराठीत ज्याला घोयरा म्हणतात त्या कुळातील सरडे, हौसेने पाळणाऱ्यांचा युरोप-अमेरिकेत एक वेगळाच वर्ग असून, घरात असलेल्या सरड्यापेक्षा घरात नसलेल्या सरड्याविषयी अधिक बोलणे हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. त्याचा आरंभ बहुधा येमेनमधील, डोक्यावर उंच तुरा मिरवणाऱ्या काटक जातीपासून होतो, आणि वर्ष सुखरूप पार पडले की तीच जात त्याला नवशिक्यांची वाटू लागते. मग मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन मनात भरतो. मात्र त्याचा नर नोसी बे बेटावर निळसर हिरवा, तर अंबिलोबे भागात निळ्या वा तांबड्या पट्ट्यांचा असल्यामुळे, स्थळ पाहताना घराणे विचारावे तसे हा गृहस्थ सरड्याचे गाव आणि आजोळ विचारतो.

स्वप्नाचे शिखर म्हणजे पार्सनचा शॅमेलिऑन. शेपटीसह दोन फुटांपर्यंत वाढणाऱ्या या जातीची अंडी फुटायला वर्षाहून अधिक, कधी जवळजवळ दोन वर्षे लागतात. शिवाय दुर्मीळ जीवांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराने १९९५ मध्ये मादागास्करच्या बहुतेक शॅमेलिऑनची आयात थांबवण्याची शिफारस केल्यापासून ती मिळणे कठीण झाले आणि तिची थोरवी तेवढीच वाढली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. याच्या सरड्याची तर जाळीच्या पिंजऱ्यापर्यंतच, धावाधाव सगळी मालकाची.

कारण हा प्राणी वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून पिंजऱ्यात कृत्रिम पाऊस पाडावा लागतो. सकाळी चहापूर्वी शौकीन युरेट तपासतो. युरेट म्हणजे विष्ठेसोबत पडणारा मूत्राम्लाचा घट्ट भाग, जो पांढरा असला की घरात आनंदीआनंद आणि नारिंगी असला की पाणी कमी पडल्याची चिंता. तो दाखवायला पत्नीला न्याहारीच्या टेबलावरून उठवले जाते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. एवढ्या सेवेनंतर प्रेमाने हात पुढे करावा, तर प्राणी काळवंडून फुत्कारतो. त्याचे रंग आसपासच्या पानांशी जुळण्यापेक्षा तापमान, राग, भीती आणि प्रणय यांसाठीच अधिक बदलतात, आणि मालकाच्या वाट्याला यांतील पहिले तीनच येतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोयरा पाळणे गुन्हा आहे. येथील हौशी माणसाने तो पावसाळ्यात झुडपांत शोधावा, आणि दिसल्यास हात मागे बांधून पाहावा.