फाइल जरा साफ करून घेतो

संगणकाच्या मदतीने अनुवाद करायच्या सॉफ्टवेअरबद्दल मी चारचौघांत फार बोलतो. एकदा केलेलं वाक्य ते विसरत नाही, पुन्हा आलं की आपणहून पुढे करतं, वगैरे. त्यामुळे एका साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल इंग्रजीत करायला आला, तेव्हा 'फाइल जरा साफ करून घेतो, मग सरसर होईल' हे मी ज्या आवाजात म्हणालो, त्या आवाजात माणसं मुलीचं लग्न ठरल्याचं सांगतात.

फाइल घातली. डाव्या रकान्यात मराठी दिसायला हवं, तिथे डॉलर, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेले युरोपीय स्वर. मजकूर युनिकोडपूर्व फाँटात होता. युनिकोड १९९१ मध्ये आलं आणि देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण छपाईवाल्यांचे हात जुन्या फाँटांना सरावलेले. त्यांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फाँट बदलला की सोंग उतरतं.

मग कन्व्हर्टर. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराआधी येते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये साठवताना दोन्हींचा क्रम उलटा. माझ्या फुकटच्या कन्व्हर्टरला वेलांटी समजली, रफार नाही. कार्यकारी संचालकांचे 'कायर्कारी' संचालक झाले. ते हाताने निस्तरलं.

एवढ्यात लक्षात आलं की टाइप करणाऱ्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारलाय. सॉफ्टवेअरच्या लेखी एंटर म्हणजे वाक्य संपलं. म्हणून मी वर्डमध्ये सगळे एंटर शोधून त्यांच्या जागी मोकळी जागा टाकली. खरी रीत अशी, की आधी जोडएंटरच्या जागी एखादी विचित्र खूण ठेवायची, मग एकेरी एंटर काढायचे आणि शेवटी खुणेचे पुन्हा एंटर करायचे. ही रीत मी इतरांना शिकवतो. अहवालाचा एकच परिच्छेद झाला. त्यात श्रद्धांजली संपते कुठे आणि ऊस गाळप सुरू होतं कुठे, हे कळेना. दिवंगत सभासदांनी विक्रमी गाळप केल्यासारखं वाटत होतं. कंट्रोल-झेडने अब्रू राखली.

मग खऱ्या रीतीने एंटर काढले. तरी पूर्णविराम उरलेच, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तिथेही वाक्य संपतं. 'कै.' एका ओळीत, दिवंगतांचं नाव पुढच्या ओळीत. 'रु.' एकटा, 'मे.' एकटा, टन खाली. मराठी संक्षेपांची यादी सॉफ्टवेअरला आधी द्यावी लागते. ती यादी केली, पण फाइल आत घेतल्यानंतर. अशी यादी नव्याने घेतलेल्या फाइललाच लागू होते. शिवाय कोणीतरी ओळ पानात मावावी म्हणून अक्षरं मधूनच आवळली होती, त्या प्रत्येक ठिकाणी एकेक टॅग, म्हणजे अक्षरांच्या मांडणीची खूण. अध्यक्षांच्या नावात अक्षरांपेक्षा टॅग जास्त.

'असू दे' म्हणून तसंच पुढे रेटलं, आणि काम देणाऱ्या एजन्सीने हिशेब मागितला. पुन्हा आलेल्या ओळींना कमी दर, असा या धंद्यातला रिवाज. सॉफ्टवेअरने इमानाने मोजून सांगितलं: पुनरावृत्ती भरपूर. प्रत्येक सुटा 'रु.' त्यात. माझ्याच तुकड्यांवर मला कात्री लागली.

अहवाल छापणाऱ्यांना हात जोडून विनंती: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, एंटर परिच्छेद संपल्यावरच मारा, आणि मूळ फाइल जपून ठेवा. अनुवादकाला 'किती वेळ लागेल?' हे मात्र फाइल पाठवल्यानंतरच विचारा.