वाजायलंय, पण कशावर?

सोलापूरच्या पूर्व भागात तांब्याच्या इनॅमल तारेला तोटा नाही. यंत्रमाग आहेत म्हणून मोटारी जळतात, मोटारी जळतात म्हणून वाइंडिंगची दुकानं चालतात, आणि ती चालतात म्हणून आमच्या शेजारच्या नववीतल्या पोराला वजनावर तार मिळाली. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं मेटल डिटेक्टर करायला घेतला. जुन्या रेडिओतले कंडेन्सर, दोन-चार ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्लास्टिकच्या ताटलीभोवती गुंडाळलेली कॉइल. चालू केला आणि तो शिट्टी मारायला लागला. बंदच होईना.

"काका, सारखं वाजायलंय की ओ!"

विकतचं यंत्र बिघडलं तर एक मेकॅनिक येतो. घरी केलेलं बिघडलं तर अख्खी गल्ली येते. कुणी म्हणालं बॅटरी उतरली, कुणी म्हणालं ट्रान्झिस्टर उलटा बसला. पलीकडच्या आज्जींचं निदान सगळ्यांत सोपं होतं: यंत्र चांगलंच आहे, घराखाली हंडा आहे.

यंत्राची कल्पना मोठी गमतीची आहे. त्यात दोन ऑसिलेटर असतात. एकाची कंपनसंख्या ठरलेली, दुसऱ्याची कॉइलवर अवलंबून. समजा एक सेकंदाला 1,00,000 कंपनं करतोय आणि दुसरा 1,00,400, तर कानाला ऐकू येते ती फक्त फरकाची, 400 ची शिट्टी. कॉइलजवळ धातू आला की फरक बदलतो, सूर बदलतो. मिरजेचा तंबोरा जुळवताना जोडाच्या दोन तारा जवळ येतात तेव्हा आवाज असाच हेलकावे खातो, आणि हेलकावे थांबले की तारा जुळल्या म्हणायचं. इथं मात्र जुळणं परवडत नाही. दोन ऑसिलेटर फार जवळ आले की एकमेकांना ओढून घेतात, एकाच सुरात गातात, आणि मग छोटंसं नाणं समोर धरलं तरी यंत्र ढिम्म. पोरानं ट्रिमर फिरवून शिट्टी घालवली तेव्हा नेमकं हेच झालं. शांतता झाली म्हणून घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. यंत्र मात्र तेव्हाच खऱ्या अर्थानं बंद पडलं होतं.

मग रीतसर शोध सुरू झाला. एका टोकाला तारेचं इनॅमल नीट खरवडलेलंच नव्हतं; वरून डाग चकचकीत, आत जोड नाही. ते सुधारलं. हात जवळ नेला तरी सूर हलायचा, कारण माणसाचं शरीर कॉइलला कंडेन्सरसारखंच वाटतं. त्यावर उपाय म्हणून आईची चपात्या गुंडाळायची फॉइल कॉइलभोवती चढली. पण पूर्ण वेढा द्यायचा नाही, बोटभर फट ठेवायची. नाहीतर ती फॉइलच बंद कडं होऊन बसते आणि यंत्राला दिवसभर तिचाच शोध लागतो. दुपारी पत्रा तापला की सूर आपोआप सरकायचा. सोलापूरच्या मे महिन्यात माणसंही जागेवर राहत नाहीत, स्वस्तातल्या सिरॅमिक कंडेन्सरला काय नावं ठेवायची?

एवढं करूनही शिट्टी वेडीवाकडी वाजतच राहिली. पोरगं हे सगळं करत होतं लोखंडी कॉटवर बसून.

यात लाजण्यासारखं काही नाही. 2 जुलै 1881 ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठं आहे हे शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल स्वतः आपलं यंत्र घेऊन गेले. टेलिफोन कानाला लावला तर भलत्याच मोठ्या भागावर आवाज येत होता. गादीत पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या हे नंतर कळलं. शिवाय डॉक्टरांना खात्री होती की गोळी उजवीकडं आहे, म्हणून तिकडंच तपासलं; ती निघाली डावीकडं, 19 सप्टेंबरला अध्यक्ष गेल्यावर. यंत्र तसं निर्दोष होतं.

माझं म्हणणं एवढंच, की सर्किट उघडण्याआधी आजूबाजूला पाहावं. स्लॅबमध्ये सळया, भिंतीत वायरी, आईच्या हातात पाटल्या, पायात जोडवी. बाहेर रानात गेलं तरी सुटका नाही. आपली काळी माती ज्या बेसॉल्टची झाली, त्यात मॅग्नेटाइट असतं. कॉइल जमिनीपाशी नेली की निव्वळ मातीनंही सूर ढळतो. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एवढी जुनी जमीन नवख्या यंत्राशी थोडं बोलणारच.

कॉट सोडून लाकडी स्टुलावर बसवल्यावर यंत्र शहाण्यासारखं वागलं. वीतभर नाही, चार बोटांवरून दहाचं नाणं ओळखतं, आणि नववीला ते पुष्कळ झालं. आज्जी मात्र अजून हंड्यावर ठाम आहेत. "एकदा किल्ल्याकडं फिरवून आण की रे," म्हणतात.

त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरात असं यंत्र वाजतंय त्या सगळ्यांसाठी सांगून ठेवतो: जुन्या वास्तूंच्या आवारात खणू नका, आणि 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहाचं एक नाणं सापडलं तर खुशाल खिशात घाला. दोन सापडली तर अर्ज लिहायला घ्या.