दहाचं नाणं बाहेर, सभासद आत

नाणेसंग्राहकांच्या संमेलनात, नोंदणीच्या टेबलावर, ठळक अक्षरांत एक पाटी : ‘दहा रुपयांचे नाणे स्वीकारले जाणार नाही.’

ठिकाण मध्य प्रदेशातलं पांढुर्णा. नोंदणी शुल्क ५१० रुपये. कार्यकारिणीच्या परिपत्रकात त्याच्यापुढे ‘सामान्य सभासदाला परवडेल असे’ हेही छापलेलं. या आकड्यासाठी बैठकांवर बैठका झाल्या म्हणे. आधी ६०० ठरले, ते भारी वाटले. मग ५०० ठरले, तर दोन शून्यांवर संपणारी रक्कम कोषाध्यक्षांना अशुभ वाटली. ५०१ म्हणजे आहेर, आणि संमेलन म्हणजे काही बारसं नव्हे. शिवाय एकेका रुपयाची चिल्लर सांभाळणार कोण? म्हणून ५१०. वरचे दहा सभासदाने कोणत्या रूपात आणायचे, हा विषय पत्रिकेवर नव्हता.

पाचशेची नोट प्रत्येकाकडे होती. दहाची नोट हल्ली दिसते ती चिकटपट्टी लावलेली, आणि तीही ‘फाटकी आहे’ म्हणून परत येते. उरलं नाणं. नाणी गोळा करणाऱ्या माणसाच्या खिशात नाणंच असणार.

“घ्या न जी.”

“नाही चालत न भाऊ.”

“कायले नाही चालत?”

“मार्केटात कोणी घेत नाही.”

“मार्केटाचं सोडा. तुम्ही तर नाण्यावाले आहा.”

“म्हणूनच तर मालूम आहे आम्हाले. ऑनलाइन करून टाका.”

म्हणजे नाण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी नाण्यांच्या संमेलनाला मोबाइलवरून पैसे भरायचे. ज्यांनी भरले त्यांना पावती मिळाली, गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, आणि त्या कार्डावर चित्र कशाचं होतं? दहाच्या नाण्याचं.

आत सभागृहात दुपारच्या सत्रात व्याख्यान होतं : दहाच्या नाण्याचे प्रकार. पडद्यावर एकेक नाणं आलं. रुपयाचं चिन्ह नसलेलं, कारण ते चिन्हच २०१० साली ठरलं. चिन्ह असलेलं. पंधरा रेघांचं, दहा रेघांचं. वक्त्यांनी आठवणीने सांगितलं की दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, ही निव्वळ अफवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलंय की तोवर काढलेले चौदाही नमुने वैध आहेत. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या नोंदणीच्या टेबलावरून उठून आलेल्या गृहस्थांनी वाजवल्या आणि ते पुन्हा आपल्या पाटीमागे जाऊन बसले.

आता थोडा कायदा, कारण ही मंडळी कायद्याची पुस्तकंही जमवतात. २०११ च्या नाणे अधिनियमाप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात. म्हणजे ५१० रुपयांचं अख्खं शुल्क दहाच्या नाण्यांत भरता येतं. किती नाणी? एक्कावन्न! कोषाध्यक्षांना शुभ आकडा हवा होता ना, हा घ्या. एका नाण्याचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून चारशे ग्रॅमच्या आतबाहेर. एका पिशवीत मावतात, पाहुण्याच्या हातात देता येतात, वर कुंकू लावलं तर ओवाळणीही होते. आणि कोणाला आणखी जुनं काही हवं असेल तर अठन्नी आहे. चवन्नी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, पण अठन्नी अजून वैध आहे, फक्त दहा रुपयांपर्यंतच्याच देण्याला. वाचलंत? दहा रुपयांपर्यंत! वीस अठन्न्या म्हणजे नेमके दहा. पाचशेची नोट आणि वर वीस अठन्न्या, हे शुल्क कायद्याच्या काठाला एवढं चपखल बसतं की कायदा करणाऱ्यांसमोर आमच्या कोषाध्यक्षांचाच हिशेब असावा अशी शंका येते. एका सभासदाने खरोखरच वीस अठन्न्या मोजून टेबलावर ठेवल्या. गृहस्थांनी त्या भिंग लावून पाहिल्या, दोन बाजूला काढल्या, “ह्या विकता का?” असं विचारलं आणि शुल्काचे दहा रुपये मात्र मोबाइलवर मागितले.

विक्रीचे टेबल मागे होतेच. तिथे दहाचं तेच नाणं प्लास्टिकच्या चौकोनी डबीत घालून साठ रुपयांना मिळत होतं. दारात शून्य किंमत, आत साठ. एवढ्या भरभराटीचं चलन जगात दुसरं नसेल.

सौंसरच्या आठवडी बाजारात कोथिंबीर विकणारी बाई दहाचं नाणं नाकारते, तेव्हा मला तिचा राग येत नाही. तिच्याकडून ते ठोकवाला घेत नाही, ठोकवाल्याकडून पुढचा घेत नाही. तिची दिवसभराची कमाई अडकते, म्हणून ती घाबरते. राग येतो तो माहीत असणाऱ्यांचा. संत्रा तोडणाऱ्या मजुराच्या हातात आठवड्याच्या शेवटी जी चिल्लर येते, ती या देशाचा पैसा आहे. त्याच्या पोराला टोपीवाल्या राजाचं नाणं जमवायची हौस असू शकते. त्या पोराच्या हातातला पैसा घ्यायला नकार द्यायचा आणि वर परिपत्रकात ‘परवडेल असे’ छापायचं, हा निर्लज्जपणा आहे. शुल्क नव्वद रुपयांनी कमी करायला या लोकांनी बैठका घेतल्या. पाटी काढायला एक बोट पुरलं असतं. आणि जमलेले पैसे गेले कुठे? शालींत. मंचावर इतक्या शाली होत्या की श्रोत्यांना थंडी वाजू लागली.

याच गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव गोटमार खेळतात. तिथे नोंदणी नाही, शुल्क नाही, आलेला प्रत्येक दगड स्वीकारला जातो आणि सुट्टेही लगेच परत मिळतात.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्याकडे तालुक्याचं काही उरलेलं नाही. संमेलन जिल्हास्तरीय. महाराष्ट्रातल्या नरखेडहून चार माणसं रेल्वेने आली, तर दुपारी तेच ‘आंतरराज्य’ झालं. सौंसरच्या लोकांना मात्र एसटी नाही की गाडी नाही. जिल्हा एक, पण सौंसर छिंदवाड्याच्या रुळांवर आणि पांढुर्णा इटारसीच्या. रेल्वेनेच यायचं म्हटलं तर नागपूरला वळसा. बिचारे खाजगी जीप करून आले. जीपवाल्याने भाड्यात दहाची नाणी निमूट मोजून घेतली. संमेलनाला येण्याच्या साऱ्या खटाटोपात त्यांना भेटलेला नाण्यांचा खरा जाणकार तोच.

पुढच्या वर्षाचं यजमानपद सौंसरच्या शाखेने मागून घेतलं आहे. दर आत्ताच जाहीर झाला : ४९५ रुपये. पाचशेची नोट देणाऱ्याला पाच रुपये परत करायला त्यांनी टॉफ्यांचं पोतं सांगून ठेवलंय.