गेम भरून मिळतील

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्राची तब्येत बरी नाही, ही बातमी ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांना कळली आहे. ज्यांच्या घरी एक्सबॉक्स नाही, त्यांना तर जरा जास्तच. आमच्याकडे आजारी कंपनीला उपाय सुचवायला तिची वस्तू घरात असावी लागत नाही. किंगफिशरच्या विमानाची पायरीही न चढलेल्या गृहस्थांनी घाटकोपर ते डोंबिवली एवढ्या प्रवासात, तेही उभ्याने, ती एअरलाइन नफ्यात आणलेली मी पाहिली आहे. तेव्हा एक्सबॉक्स सावरेल का, हा प्रश्न आमच्याच अखत्यारीतला.

आधी रुग्णाचा पूर्वइतिहास. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत जन्म. भारतात रीतसर आगमन सप्टेंबर २००६ मध्ये, एक्सबॉक्स ३६० या अवतारात, आणि तेही अक्षय कुमार व युवराज सिंग यांना करवले म्हणून सोबत घेऊन. किंमत १९,९९० रुपये. हार्ड डिस्कसकट हवा असेल तर २३,९९०. खास आपल्यासाठी क्रिकेटचा गेमही आला. तो इंग्लंडात ब्रायन लाराचा, ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगचा आणि आपल्याकडे युवराजचा होता. आत गेम एकच. त्याच सुमारास कल्याण-डोंबिवलीत भारनियमन जोरात होते. वीस हजारांचे यंत्र घ्यायचे आणि युवराज नव्वदीत पोचला की विजेने पंचासारखे बोट वर करायचे, या योजनेला घरोघरच्या आयांनी मंजुरी दिली नाही.

मग त्या काळात आमची मुले खेळत काय होती? क्रिकेट ०७. ईए स्पोर्ट्सचा, २००६ सालचा, कॉम्प्युटरवरचा. ज्या घरात 'प्रोजेक्टसाठी' म्हणून कॉम्प्युटर आला, त्या घरात आठवड्याच्या आत हा गेम आला. तो कोणी आणला, कुठून आणला, बिल आहे का, असले प्रश्न सुसंस्कृत माणसे विचारत नाहीत. एका बिल्डिंगीत एक डिस्क शिरली की ती तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरून यायची, आणि परत येताना तिच्यावर ओरखडे आणि चहाचा एक गोल असायचा. कंपनीने त्यानंतर क्रिकेटकडे पाठ फिरवली. पण पोरे थांबली नाहीत. नवे संघ, नव्या जर्सी, आयपीएल, सगळे आपापले जोडत बसली आणि तो गेम आजही चालू आहे. मालकाने सोडून दिलेला गेम जिवंत आणि मालकाने अब्जावधी डॉलर ओतलेले यंत्र अतिदक्षता विभागात. मायक्रोसॉफ्टच्या सल्लागारांनी या दोन खाटांमधल्या जागेत थोडा वेळ उभे राहावे.

खरे तर एक्सबॉक्सच्या आधीही एक महागडा पाहुणा येऊन गेला होता. १९९५ साली जपानच्या सेगाने आपली गेमची यंत्रे भारतात विकण्यासाठी शॉ वॉलेसशी करार केला. तीच शॉ वॉलेस, जिच्या बाटल्या लोक दुकानात जाऊन कागदात गुंडाळून आणत. ऐंशी टक्के आयात शुल्क टाळण्यासाठी ही सोयरीक होती. तरी यंत्राची किंमत १८,००० रुपये. त्या रकमेकडे पाहून मध्यमवर्गीय बापाला कंपनीच्या मूळ मालाची गरज भासली असणार. नौपाड्यातल्या आणि टिळकनगरातल्या मुलांनी मग समुराई नावाच्या नकली यंत्रावर भागवले. पिवळ्या कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले असत, उघडून पाहिले की तेच पंधरा-वीस फिरून फिरून येत. चालली नाही तर काढून फुंकर मारायची. या कॅसेटा भाड्याने मिळत, बदलून मिळत, मे महिन्यात मावसभावाबरोबर कल्याणहून पुण्याला जाऊन जूनमध्ये परत येत.

म्हणजे आमच्या पट्ट्यात गेमिंगचा पाया आहे तो हातातून हातात जाण्यावर. ३६० लाही पुढे गिऱ्हाईक मिळाले ते याच वाटेने. उल्हासनगरपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत 'जेटॅग' केलेला, म्हणजे कंपनीचे कुलूप तोडलेला, ३६० मिळू लागला आणि दुकानदार एकच आश्वासक वाक्य बोलू लागला: गेम भरून मिळतील. हार्ड डिस्क घ्या, हवे ते गेम घ्या, पैसे एकदाच द्या. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये गेम पास नावाने ही कल्पना जगापुढे मांडली, तेव्हा सगळ्यांनी तिला क्रांती म्हटले. फरक इतकाच होता की आमचा दुकानदार दर महिन्याला वर्गणी मागायला येत नसे. हे बेकायदा होते, याबद्दल दुमत नाही. पण ग्राहकाची नाडी कोणाला सापडली होती, याबद्दलही नसावे.

ती नाडी कंपनीने सोडली कधी, याचीही तारीख सांगता येते. मे २०१३. एक्सबॉक्स वनची घोषणा झाली आणि कळले की यंत्राला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल आणि वापरलेला गेम दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने येतील. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचा ३६० आहेच, असे त्यांच्या एका वरिष्ठांनी वर सांगितले. सोनीने उत्तरादाखल काही सेकंदांची एक चित्रफीत काढली: प्लेस्टेशनचा गेम मित्राला कसा द्यावा? एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा घेतो, संपले. जून संपायच्या आत मायक्रोसॉफ्टने बंधने मागे घेतली, पण बूँद से गयी ती गेलीच. शिवाय यंत्र सोनीपेक्षा शंभर डॉलरने महाग.

त्यानंतर २०१५ मध्ये किती यंत्रे विकली हे सांगणेच कंपनीने थांबवले. ती 'सक्रिय वापरकर्ते' मोजू लागली. बारावीच्या निकालानंतर ज्या घरात टक्केवारीचा विषय निघेनासा होतो आणि मुलाच्या सर्वांगीण विकासाबद्दल बोलणे सुरू होते, त्या घरी पेढे मागू नयेत, एवढे आम्हाला कळते.

पैसा नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ऑक्टोबर २०२३ मध्ये घेतली. पाठोपाठ जानेवारीत १,९०० माणसे कमी केली. आणि काम? २०१८ मध्ये 'द इनिशिएटिव्ह' नावाचा, भारी माणसे गोळा करून, नवा स्टुडिओ उभा राहिला. त्याच २०१८ मध्ये कल्याणचा जुना पत्रीपूल पाडला. पुलाच्या जागी पूल होईपर्यंत आम्ही ज्या शिव्या घातल्या त्या छापता येणार नाहीत. तरी २०२१ च्या जानेवारीत पूल झाला, गाड्या धावल्या, श्रेयाची फलकबाजीही उरकली. स्टुडिओचा 'परफेक्ट डार्क' मात्र जुलै २०२५ मध्ये रद्द झाला आणि स्टुडिओलाही टाळे लागले. मायक्रोसॉफ्टपेक्षा पूल बांधणारी एमएसआरडीसी वेगवान ठरल्याची ही पहिलीच नोंद असावी. एखाद्या पुलाला एमएसआरडीसीचेच नाव द्यायला हरकत नाही.

मध्येच नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहिरात आली की टीव्ही, लॅपटॉप, फोन, सगळेच एक्सबॉक्स आहे. डोंबिवलीकराने हे मन लावून वाचले आणि आनंदाने मान डोलावली: मग तो घरात आहेच की, नवा कशाला घ्यायचा? जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत यंत्रांच्या विक्रीतून येणारे उत्पन्न २९ टक्क्यांनी घसरले. जाहिरात पटली होती, असाच याचा अर्थ. ऑक्टोबरात अमेरिकेत वरच्या दर्जाच्या गेम पासची वर्गणी वीस डॉलरवरून तीस झाली. त्याच महिन्यात घरचा मानाचा गेम, हेलो, प्लेस्टेशनवर येणार असल्याचे जाहीर झाले. घरचा गणपती शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये बसवायचा आणि आरतीला आपण चपला बाहेर काढून जायचे.

तरीही सावरतात माणसे, कंपन्याही. निन्टेन्डोचा वी-यू सपशेल पडला. दीड कोटीचा आकडाही त्याने गाठला नाही. २०१७ मध्ये स्विच आला आणि पंधरा कोटींच्या पुढे गेला. निन्टेन्डोचे भारतात धड दुकान नाही, पण घोडबंदरच्या टॉवरांत अमेरिकेतल्या मामाच्या बॅगेतून स्विच पोचतोच. त्यांनी केले काय? हातात घ्यावीशी वाटेल अशी वस्तू आणि दुसरीकडे न मिळणारे गेम. सेगाला ते जमले नाही. २००१ मध्ये तिने यंत्रे बनवणे सोडले आणि तिचा सोनिक आज एकेकाळच्या वैऱ्याच्या, निन्टेन्डोच्या मारिओच्या घरी नोकरीला आहे. सुखात आहे म्हणतात.

माझे मत विचाराल तर एक्सबॉक्स सेगाच्या वाटेने निम्मा पोचलाच आहे. पण हा रुग्ण एकदा उठला होता, हेही खरे. ३६० च्या यंत्रांवर लाल कडे उमटून ती मरू लागली, तेव्हा लोक त्यांना टॉवेलात गुंडाळून शेक देत होते. २००७ मध्ये कंपनीने चूक मान्य केली, वॉरंटी तीन वर्षांची केली, त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम वेगळी काढली आणि बिघडलेली यंत्रे दुरुस्त करून दिली. पुढे ३६० आठ कोटींच्या वर खपला. दुरुस्त करून देणाऱ्याला आमचा ग्राहक सोडत नाही. रामनगरातला मिक्सरवालाही हे सांगेल, सल्ल्याची फी न घेता.

कंपनीने मात्र दुसरा मार्ग निवडलेला दिसतो. पुढचे यंत्र अत्यंत 'प्रीमियम' असेल, असे एक्सबॉक्सच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०२५ च्या ऑक्टोबरात सांगितले. कल्याण-शीळ रस्त्यावर दर शंभर पावलांवर प्रीमियमचा फलक आहे. जलतरण तलाव चित्रात असतो आणि पाणी टँकरने येते. त्यामुळे नव्या यंत्राचेही आम्ही स्वागतच करू, माहितीपत्रक घेऊ, सॅम्पल फ्लॅट पाहिल्यासारखे दुकानात जाऊन हात लावून येऊ. पैसे ओसी आल्यावर.