आगाऊ मसाले, क्लास तीस

वहिनींच्या मसाल्याला नाव नव्हतं तोवर तो नुसता खपत होता. मार्च-एप्रिलात गच्चीवर मिरच्या वाळायच्या, डंकावर कुटल्या जायच्या आणि पिशवीवर दादाच्या अक्षरात 'मसाला' एवढं लिहिलं की माल पनवेलभर जायचा. पण खप वाढला तसं दादाच्या मनानं घेतलं की नाव पाहिजे. नाव आलं म्हणजे ते चोरीला जाणार, म्हणजे ते रजिस्टर करायला हवं. आमच्याकडे नाव ठरायच्या आत चोर ठरला होता.

दादानं रात्रभर जागून 'पनवेल स्पेशल आगरी मसाला' असं नाव काढलं. लाइन आळीतल्या वकीलबाईंनी ते वाचलं आणि पेन्सिलीनं एकेक शब्द खोडायला घेतला. पनवेल हे गावाचं नाव, ते सगळ्या पनवेलकरांचं. स्पेशल हे कौतुक, ते प्रत्येक दुकानदार स्वतःचं करतोच. आगरी हा मसाल्याचा प्रकार. आणि मसाला म्हणजे मसाला. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं नववं कलम लागू करून झाल्यावर कागदावर फक्त दादाचा मोबाइल नंबर उरला.

"अहो, 'सिमला' नावाची सिगारेट काढणाऱ्या इम्पीरियल टोबॅकोलाही १९७७ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं ते नाव मिळू दिलं नाही," बाई म्हणाल्या.

"पण सिगारेट सिमल्याला होत नाही, मसाला पनवेललाच होतो!" दादा म्हणाला.

"म्हणून तर तुमचं आणखी कठीण आहे."

मग घरी बैठक बसली. आत्यानं 'रामायण मसाले' सुचवलं. तेही बाद, कारण सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये एका अगरबत्तीवाल्याला 'रामायण' हे नाव एकट्याच्या मालकीचं करून द्यायला नकार दिलेला आहे. जिथं सुवासाला मिळालं नाही तिथं तिखटाला कोण देणार? "मग महाभारत?" आत्यानं विचारलं. ते आमच्या घरात आधीपासूनच वापरात आहे, असं मी म्हणालो. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

खरी गंमत अशी की घरच्यांना हवं असतं सगळं सांगून टाकणारं नाव आणि कायद्याला आवडतं मालाशी काडीचाही संबंध नसलेलं. या बाबतीत आमच्या गावातला आदर्श म्हणजे धूतपापेश्वर. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली पनवेलला सुरू केलेला हा औषधांचा उद्योग. राजापूरजवळ याच नावाच्या महादेवाचं देऊळ आहे. नावात ना काढा, ना चूर्ण, ना पनवेल. शिवाय नक्कल करायची तर चोराला आधी ते धड लिहिता आलं पाहिजे. तेव्हा देशात ट्रेडमार्क नोंदवायचा कायदा नव्हता (तो आला १९४० मध्ये), पण शास्त्रीबुवांनी शुद्धलेखनाची तटबंदी आधीच उभारून ठेवली होती.

नक्कल झाली की नाही हे कोर्ट कसं ठरवतं, तेही बाईंनी सांगितलं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टानं १९६२ साली दिला होता. कोर्टानं डोळ्यांसमोर आणलेला गिऱ्हाईक हा सरासरी बुद्धीचा, कच्च्या स्मरणशक्तीचा, फारसा सावध नसलेला माणूस होता. असा माणूस नावाची फोड करत बसत नाही, 'धारा' ऐकतो आणि बाटली उचलतो. हे ऐकताना वहिनी एकटक दादाकडे बघत होत्या. सुप्रीम कोर्टाला आपला नवरा इतक्या जवळून माहीत असेल अशी त्यांची कल्पना नव्हती.

"पण आपल्यावर केस करायला कोण येतंय?" दादा वरमून म्हणाला. त्यावर पुण्याच्या बर्गर किंगची गोष्ट निघाली. कॅम्पातलं इराणी दांपत्याचं हॉटेल १९९२ पासूनचं, अमेरिकन कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ चं. तरी कंपनीनं २०११ मध्येच दावा लावला आणि पुण्याच्या कोर्टानं तो २०२४ च्या ऑगस्टात फेटाळला. कंपनी मग हायकोर्टात गेली. अमेरिकेला वाटलं असेल नावाचं भांडण आहे. पुणेकराशी आहे हे तिला कुणी सांगितलं नसावं.

अर्ज घरबसल्या संगणकावर होतो, एका माणसाला एका क्लासचे साडेचार हजार. असे पंचेचाळीस क्लास आहेत आणि मसाला तिसाव्यात बसतो. दादाला मात्र हार्बरनं जाऊन अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कचेरीत साहेबांना मसाल्याचा वास देऊन यायचं होतं. त्याला धरून बसवलं.

नाव शेवटी आत्यामुळेच मिळालं. वहिनींनी परस्पर बाईंना फोन करून सगळं विचारून घेतलं, तेव्हा आत्या कडाडली, "आगाऊ!" वहिनींनी ते तिथल्या तिथे पिशवीवर लिहून पाहिलं. 'आगाऊ मसाले'. बाईंना फारच आवडलं. ना गाव, ना देव, ना मालाचं वर्णन. नोंदणी झाली की दहा वर्षं आपलं, पुढे नूतनीकरण करत राहायचं. दादा लगेच गोलातला आर छापायला निघाला होता. तो नोंदणीनंतरच, आधी छापला तर दंड. तोवर नुसतं टीएम.

"ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं की चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो हं," बाईंनी बजावलं.

आत्या सरसावून बसली. "कुणालाही म्हणजे मलासुद्धा? फी किती?"

"ऑनलाइन सत्तावीसशे."

"सत्तावीसशे?" आत्यानं पदर खोचला. "घरी फुकट करते."