ग्वाल्हेरचे वचनपंडित

नोकरीच्या बदलीमुळे अहमदनगर किंवा जालन्याकडून ग्वाल्हेरला येऊन तेथेच स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला घरात मराठी बायबल आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हिंदी उपासना असा दुहेरी संसार करावा लागतो, आणि एकाच वचनाचे दोन भाषांतील दोन पाठ सतत कानांवर पडत असल्यामुळे अशा घरांतून वचनपंडित नावाचा गृहस्थ विशेष जोमाने वाढतो. बायबलमधील वाक्यांना ख्रिस्ती लोक वचने म्हणतात. ती अध्याय व ओवीच्या आकड्यांसह ज्याला मुखोद्गत आहेत आणि ते आकडे चारचौघांत सांगितल्याखेरीज ज्याला अन्न गोड लागत नाही, तो वचनपंडित होय.

2011 च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण जेमतेम 0.29 टक्के असल्याने मंडळ्या लहान असतात, आणि लहान मंडळीत पंडितांपासून लपायला जागा नसते. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, उपदेशात एखादी ओवी चुकवली की दुसऱ्या बाकावरून जो खोकला ऐकू येतो तो सर्दीचा नसतो, हे संडे स्कूलची मुलेसुद्धा ओळखतात. पंडितांच्या कपाटात शब्दसूची असते, म्हणजे कोणता शब्द बायबलात कोठे कोठे आला आहे हे दाखवणारा जाडजूड कोश. तो त्यांनी इतक्या वेळा चाळलेला असतो की त्याची बांधणी बायबलाच्या बांधणीच्या आधी सुटते. बायबलातील शलमोन राजाने तीन हजार नीतिवचने सांगितली, एक हजार पाच गीते रचली, आणि त्याला सातशे राण्या व तीनशे उपपत्नी होत्या, हे सारे आकडे ते गजकाची, म्हणजे तिळाच्या मिठाईची, बशी फिरत असताना ऐकवतात व तेवढ्या अवधीत बशीवर कोणाचेही लक्ष राहू देत नाहीत. स्थानिक इतिहासही त्यांच्या तावडीतून सुटत नाही: इंग्रजांनी 1886 मध्ये किल्ला व मुरारची छावणी शिंद्यांना परत केली, जयविलास महालाचा आराखडा करणारे मायकेल फिलोज हे कॅथलिक होते, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 साली नागपुरात स्थापन झाले, ही माहिती बारशाच्या जेवणातही मिळते.

वास्तविक ख्रिस्ती शास्त्रात माहिती आणि दैवी सुज्ञता यांत स्पष्ट फरक केलेला आहे. माहिती माणूस कष्टाने जमवतो. सुज्ञता म्हणजे देवाचे भय बाळगून योग्य वेळी योग्य ते करण्याची समज, आणि ती मागावी लागते. शलमोनाने गिबोन येथे धन किंवा दीर्घायुष्य न मागता न्याय करता येईल असे मन मागितले. याकोबाच्या पत्रात, ज्याला ही समज कमी पडते त्याने ती देवाकडे मागावी असे सांगून, ती शांतताप्रिय, सौम्य, दुसऱ्याचे ऐकणारी आणि दयाळू असते अशी तिची ओळखही दिली आहे. पंडितांनी या दोन्ही स्थळांवर अनेकदा प्रवचने केलेली असतात. अडचण फक्त मागण्याची आहे, कारण मागायचे तर आधी आपल्याकडे नाही हे कबूल करावे लागते. महाराज बाड्याच्या मागच्या गल्ल्यांत सांत्वनाच्या प्रार्थनेला जाताना रस्ता चुकला, तरी पानवाल्याला पत्ता विचारणे त्यांना जमत नाही, आणि म्हणून ते पोहोचतात तेव्हा मंडळी चपला घालत असते. त्यांच्या प्रार्थनेतही विनंती कमी आणि निवेदन जास्त असते. देवाला शोधण्याचा त्रास पडू नये म्हणून ते प्रत्येक अभिवचनामागे अध्याय आणि ओवी सांगतात.

नाताळापूर्वी घरोघरी गीते गात फिरण्याची प्रथा आहे, आणि त्या दिवसांत या विद्वत्तेची कसोटी लागते. शहराच्या मुरार भागाचा एक गट, लष्कर भागाचा एक गट आणि पेटी मात्र एकच, असा तंटा वडीलमंडळापुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे आला की तो पंडितांकडे सोपवला जातो, कारण एका बालकावरून भांडणाऱ्या दोन स्त्रियांचा, बालक कापून वाटण्याचा हुकूम देऊन खरी आई ओळखणारा शलमोनाचा निवाडा त्यांच्याइतका कोणालाच पाठ नसतो. ते गिबोनपासून आरंभ करतात, ते ठिकाण यरुशलेमच्या वायव्येस कसे होते हे सांगतात, आणि पाऊण तासाने खजिनदाराने पेटी मधोमध कापायची काय असे विचारले असता, वाद्य कापण्यास शास्त्राधार नाही असे गंभीरपणे उत्तर देतात. तेवढ्यात लष्करच्या बायका पेटी मुरारला देऊन टाकतात आणि ढोलकीवर भागवायचे ठरवतात. खऱ्या आईनेही बालक असेच सोडून दिले होते, ही गोष्ट त्या सभेत एकट्या पंडितांच्याच लक्षात येत नाही. स्तोत्र 150 मधील वाद्यांच्या यादीत ढोलकी बसते किंवा नाही, याचा शोध त्यांनी तोवर सुरू केलेला असतो.

तरीही त्यांच्या ज्ञानाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल, कारण ते खरे असते व कष्टाने मिळवलेले असते. दोष आहे तो त्याच्या वापरात. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो असा समज आहे, आणि पाला खाऊन रियाज टाळणारे गवई व शब्दसूची पचवून शेजाऱ्याशी अबोला धरणारे पंडित एकाच पंगतीत बसवावे लागतील. पंडित स्वतः मात्र आपली परंपरा पंडिता रमाबाईंपर्यंत नेतात. रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हटले, 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे केडगावला त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण छापून निघाले, येथवरचा तपशील पंडित अचूक सांगतात. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून निराधार मुली घेऊन आल्या, आणि भाषांतराची भाषा त्यांनी अल्पशिक्षित बायकांना समजेल इतकी साधी ठेवली, हा भाग पंडितांच्या व्याख्यानात वेळेअभावी राहून जातो.

म्हणून ज्या मंडळीत असे गृहस्थ असतील तिने त्यांना संडे स्कूलच्या प्रश्नमंजूषेचे कायमचे परीक्षक नेमावे, वार्षिक अहवालातील सनावळ्या तपासायला द्याव्यात आणि तंटे मात्र लष्करच्या त्या बायकांकडे पाठवावेत.